चादरीची चार टोकं

इस्त्रीच्या मोठ्या रुळाला तापायला चाळीस मिनिटं लागतात. तोवर बायका केस बांधून घेतात.

*

पहिल्या अल्बमबद्दल कुणीतरी लिहिलं होतं: ‘वाजवतात झकास. फक्त सगळी गाणी एकाच खोलीत राहतात.’

*

दवाखान्याच्या कागदावर, खालून तिसरी ओळ: डावा स्वरतंतू हलत नाही.

*

मिनिटाला ब्याण्णव ठोके.

*

दाराच्या आतल्या बाजूला, जाड काळ्या पेनाने: कच्चं ठेवायचं नाही.

*

मोठ्या चादरीची घडी एकट्यालाही घालता येते असं जो म्हणतो, त्याने दिवसाला सहाशे चादरी कधी घातलेल्या नसतात.

*

ह्या सगळ्याचा एकमेकांशी संबंध होता, पण तो टिकूच्या ध्यानात यायला मंगळवारची दुपार उजाडावी लागली.

टिकू म्हणजे बँडची ड्रमर. लहानपणी हातात चमचा आला की ताट, खुर्ची, भिंत, वडिलांचं टक्कल, काही म्हणून सोडायची नाही. सतत आपली टिकटिक. आईने टिकू नाव ठेवलं, ते तिशीला टेकली तरी सुटलं नाही. बँडमध्ये माणसं तीनच. लांब्या गिटार वाजवायचा आणि गायचा. दारातून आत येताना वाकायची त्याला इतकी सवय झाली होती की उघड्या मैदानातही तो जरा वाकूनच चालायचा. तिसरा सर्जन. की-बोर्ड आणि कॉम्प्युटर त्याच्याकडे. कुणाचाही घसरलेला सूर चिरून, शिवून, टाका दिसू न देता परत करायचा, म्हणून सर्जन.

पहिल्या अल्बमने तिघांच्या नाकीनऊ आणले होते. एकेका गाण्याचे तीस-तीस टेक जपून ठेवलेले, आणि रोज प्रत्येकाला त्यातला वेगळाच टेक बरा वाटायचा. शेवटी शेवटी तर समोरासमोर बसूनही लांब्या आणि सर्जन एकमेकांशी टिकूमार्फत बोलायचे. म्हणून दुसऱ्या अल्बमच्या पहिल्याच दिवशी टिकूने दारावर नियम लिहिला. गाणं तिघांना पटलं की त्याचं सगळं कच्चं, म्हणजे मूळचं रेकॉर्डिंग आणि उरलेले टेक, त्याच दिवशी पुसायचं. मागे वळून बघायला काही शिल्लकच ठेवायचं नाही. नियम टिकूचा, पुसायचं कामही टिकूचं.

नियम लागू पडला. आठ महिन्यांत अल्बम उभा राहिला, आणि ह्या वेळची गाणी एका खोलीत राहायला मुळीच तयार नव्हती. एका गाण्यात सर्कशीतला पितळी बाजा गिटारीच्या अंगावर धावून जायचा. एकात हवामानाच्या बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजाखाली कॉम्प्युटरचा नाचाचा ठेका होता. एक अंगाईसारखं सुरू व्हायचं आणि लोखंडी जिना कोसळावा तसं संपायचं.

सहावं गाणं आईचं.

आई एकतीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईघरात होती. रुळाखालून निघालेली गरम चादर दोघींनी दोन-दोन टोकं धरून घडी घालायची. जोड्या ठरलेल्या असत. जी ज्या बाजूला उभी राहायची तेच तिचं नाव. आई डावी. तिची जोडीदारीण उजवी. टिकू तिला उजवी मावशी म्हणायची, आणि बरीच वर्षं तिची अशी समजूत होती की जगातल्या प्रत्येक मावशीला एक बाजू असते.

घडी घालताना आई गायची. गाणं कुणी रचलं, कुणाला ठाऊक नव्हतं.

टोकाला टोक लाव गं बाई,
कोण निजलं होतं, विचारू नाही.

इथे थांबायचं. मग:

घडीवर घडी घाल गं बाई,
कोण उठून गेलं, विचारू नाही.

पुन्हा थांबायचं. ह्याच दोन कडव्यांचे पाळीपाळीने फेरे, दिवस संपेपर्यंत. शाळा भरायच्या आधीचा तास टिकू तिथल्या धुतलेल्या अभ्र्यांच्या टोपलीत बसून काढायची. तिने जन्मात ऐकलेला पहिला ठेका हाच.

गेल्या वर्षी आईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात टिकूने तिला स्टुडिओत आणलं, माइकसमोर उभं केलं आणि सलग सात कडवी गाऊन घेतली. गाठ साधी निघाली. पण आवाज परतला नाही. आता आई कुजबुजायची. आवाज गेला, टोमणे मात्र शाबूत. घरात कुणाला हाक मारायची तर ताटलीवर चमचा वाजवायची आणि टिकू आली की म्हणायची, “तुझी खोड मला लागली बघ.”

आईचा गाता आवाज आता फक्त त्या सात कडव्यांत होता. दुसऱ्या कुठल्याही यंत्रात, टेपवर, फोनमध्ये नव्हता.

आणि तो ठेक्यात नव्हता. मधले थांबे कमी-जास्त. पहिला जेमतेम श्वासाएवढा, चौथा लांब, सहावा त्याहून लांब. सातव्यानंतर तर आई कितीतरी वेळ नुसतीच उभी होती आणि मग म्हणाली होती, “झालं.” टिकूला वाटलं, वय झालं, त्यात ऑपरेशनची धास्ती, लय सुटली बिचारीची. टिकू कानात क्लिक घेऊन वाजवणारी. क्लिक म्हणजे कॉम्प्युटरची ती टकटक, वाजवणाऱ्याला सतत ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला कधीच नाही. सर्जनला शेजारी बसवून तिने आईची एकेक ओळ उचलली आणि ब्याण्णवच्या ठोक्यावर नेऊन ठेवली. सगळे थांबे सारखे केले. शेवटचं ते उभं राहणं कापलं. वर ड्रम चढवले, लांब्याची गिटार, सर्जनचे खोल घुमणारे सूर. गाणं असं काही पेटलं की लांब्या त्या दिवशी वाकायचा विसरला आणि दाराची चौकट त्याच्या कपाळात बसली.

त्याच संध्याकाळी टिकूने कच्चं पुसलं.

*

मंगळवारी दुपारी आई अल्बम ऐकायला आली. शुक्रवारी तो तबकड्यांच्या कारखान्यात जायचा होता. ती तारीख मिळायला पाच महिने थांबावं लागलं होतं.

स्टुडिओ म्हणजे चपलांच्या बंद दुकानामागची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. आईने आल्या आल्या एका गादीच्या खोळीवर हात फिरवला.

“ही कधी धुतली होती?”

“काकू, ती आवाज शोषायला लावलीय,” लांब्या म्हणाला.

“वासही शोषतेय.”

सर्जन खुर्चीतल्या खुर्चीत हसला. “काकू, बसा. पहिलं जरा मोठ्याने आहे हां.”

“माझा गळा गेलाय रे. कान आहेत अजून.”

पितळी बाजा सुरू झाला तशी आईने भुवया चढवल्या. “हे कोण भांडतंय?” मग गाणं संपता संपता स्वतःच मान हलवून, “कळलं. नवरा-बायको.” हवामानाच्या बाईला तिने पावती दिली: “हिची इस्त्री छान आहे.” टिकू कोपऱ्यात स्टुलावर बसून हे सगळं बघत होती. सहावं जवळ येत होतं.

सहावं सुरू झालं. आईचा आवाज खोलीत आला, आणि खुर्चीत बसलेल्या आईचे दोन्ही हात आपोआप वर आले. हवेतली दोन टोकं तिने चिमटीत धरली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. हात थांबले, कशाची तरी वाट बघायला लागले. तेवढ्यात पुढची ओळ येऊन धडकली. हात दचकले, घाईने पुढे गेले. दुसऱ्या थांब्याला तेच. तिसऱ्या कडव्याला आईने हात मांडीवर ठेवून दिले आणि मग गाणं संपेपर्यंत हलवले नाहीत.

“ह्यातून माझा आवाज काढून टाका,” ती म्हणाली.

टिकू उठून तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“काय झालं, आई? वाईट आलाय का आवाज?”

“आवाज चांगलाय. एवढा चांगला होता हे मला तेव्हा कळलं असतं तर जास्त वापरला असता. पण ती कुठाय?”

“कोण?”

“उजवी.”

टिकूने लांब्याकडे बघितलं. उजवी मावशी जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच दवाखान्यात गेली, तिनेच कधीतरी घडी घातली असेल अशा एखाद्या चादरीवर.

“आई, मावशी ह्यात गायलीच नव्हती. तू एकटीच होतीस. मावशी कधी गायचीच नाही ना?”

“गायची नाही. ओढायची.”

मग आईने सांगितलं, तुटक तुटक, कारण कुजबुजीलाही दम लागतो. ओळ आईने म्हणायची. ती संपली की मावशीने आपल्या बाजूने चादरीला हिसका द्यायचा. त्याने सुरकुत्या निघतात. हिसका हाताला लागला की आईने पुढची ओळ उचलायची. मावशीचा वाटा तेवढाच. सकाळी हिसका लगेच यायचा. दुपार कलली की मावशीचे खांदे भरून यायचे. हिसका उशिरा यायला लागायचा, आणि आई ओळ तोंडात धरून थांबायची. माइकसमोर उभं राहून आईने तो अख्खा दिवस सात कडव्यांत बसवला होता.

“तू टोपलीत बसायचीस ती सकाळची,” आई म्हणाली. “मग शाळेत जायचीस. संध्याकाळची उजवी तू कधी बघितलीच नाहीस.”

“मला वाटलं, तुझी लय सुटली.”

“माझी कुठली लय? तिची होती ती.” आई रागावलेली अजिबात दिसत नव्हती. “तुम्ही तिला दमूच दिलं नाहीत गं.”

सर्जन खुर्ची फिरवून कॉम्प्युटरकडे वळला. “थांबा काकू, आधीचा टेक काढतो, त्यात सगळं…” आणि त्याचा हात तसाच राहिला. दारावरची काळी अक्षरं त्याच्या बरोबर समोर होती.

“पुसलाय,” टिकू म्हणाली. “मीच.”

आईने पिशवी उचलली. “मग काढून टाका. मी एकटी नको त्यात.”

*

आई दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. आत तिघं उरले.

लांब्या: हे गाणं काढलं तर अल्बमच्या मधोमध भोक पडतं. बाकीची सगळी ह्याच्याच अंगाखांद्यावर उभी आहेत.

सर्जन: थांबे परत घालता येतील. मला अंदाज आहे साधारण.

टिकू: साधारण?

सर्जन: म्हणजे… चौथा मोठा होता.

लांब्या: टिकू, मी वाईट बोलतोय, पण बोलतो. काकूंना नंतर पटेल. आणि नाही पटलं तरी त्या थोड्याच रोज लावून ऐकणार आहेत? त्यांचा आवाज राहील. तो महत्त्वाचा नाही का?

टिकूला लांब्याचा राग आला नाही. तिच्या मनात हेच येऊन गेलं होतं, तेही त्याच्या आधी. तिने डोळे मिटून मूळचे थांबे आठवायचा प्रयत्न केला. दोन दिवस ती त्या सात जागांवर बसली होती, एकेक जागा बारीक मोजून तिने सरळ केली होती. वेळ मोजणं हीच तिची विद्या, तेवढ्यासाठी लोक तिला बोलवायचे. आणि त्या सातांतला एकही थांबा किती लांब होता, तिला सांगता येईना. चूक म्हणून मोजले होते सगळे. तसेच पुसलेही.

*

बुधवारी सकाळी टिकू घरातच होती. आई मागच्या खोलीत कपडे आवरत होती. दार अर्धवट उघडं.

आईने चादरीची दोन टोकं खिडकीच्या कडीला अडकवली होती आणि दोन आपल्या हातात धरली होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ओठ थांबले. हात ताणलेले तसेच राहिले. आई वाट बघत होती. मग तिच्या मनगटांना बारीकसा धक्का बसल्यासारखं झालं, आणि ओठ पुन्हा हलायला लागले. खिडकी जागची हललेली नव्हती.

टिकू दारात उभी राहून दोन चादरी होईपर्यंत बघत राहिली. मग आत गेली आणि कडीची टोकं सोडवून आपल्या हातात घेतली.

“आई, उद्या तू उजवी होशील?”

“म्हणजे?”

“मी डावी धरते. ओळ तुझीच, मशीनमधली. हिसका तू द्यायचा, तिच्यासारखा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.”

आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “डावी तुला जमायची नाही. तू घाई करतेस.”

“म्हणून तर म्हणतेय.”

आईने आपली दोन टोकं जरा ताणून बघितली. मग चादरीकडे बोट केलं. “ही नको. पातळ आहे. कपाटात खाली जड आहे एक, निळ्या काठाची.” आणि टिकू कपाटाकडे वळल्यावर मागून, “चोरलेली नाही हो. जुनी झाली की दवाखान्यात वाटायचे.”

*

गुरुवार. लांब्याने सगळी वाद्यं भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली होती. आईने हात लावलेली ती गादीची खोळही उतरवून, धुऊन परत चढवली होती. आईने नुसता वास घेतला आणि पुढे गेली. लांब्याला तेवढं पुरलं.

सर्जनचं काम सोपं होतं. आईच्या नुसत्या आवाजाचं एक कडवं सोडायचं आणि थांबायचं. चादरीचा फट् आवाज आला की पुढचं. चादरीजवळ त्याने एक माइक लावला होता.

टिकूने डावी दोन टोकं धरली. समोर, चादरीच्या लांबीइतकी दूर, आई. वर्षभरापूर्वीचा आईचा आवाज वरच्या स्पीकरमधून आला.

कोण निजलं होतं, विचारू नाही.

फट्. लगेच. टिकूच्या बोटांतून टोक निसटता निसटता राहिलं. एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

दुसरा हिसकाही झटपट आला. तिसरा किंचित मागे. टिकूच्या डोक्यात ब्याण्णवची टकटक चालूच होती, आणि तिसरा हिसका दोन टकटकींच्या मधेच कुठेतरी पडला, जिथे काही पडायचं नसतं तिथे.

चौथ्याच्या आधी आईने पाय बदलला. सगळा भार एका पायावर घेतला, खांदा खाली सोडला, मान जरा वाकडी केली. अशी आई कधी उभी राहात नसे. टिकूला आधी वाटलं, आईला बरं वाटत नाही. मग कळलं की ही आई नाहीच. ही दुपारची उजवी मावशी आहे, जी टिकू शाळेत असताना रोज इथे अशी उभी राहायची.

फट्.

पाचव्याला मावशीने बाहीने कपाळ पुसलं, मगच ओढलं. सहाव्याला किती वेळ गेला कुणास ठाऊक. टिकूचे हात शिवशिवायला लागले. आपणच ओढावं, नाहीतर गाणं पडेल, असं तिला वाटलं. आईने समोरून मान हलवली. थांब. टिकू थांबली. हिसका आला तेव्हा त्यात जोर फार नव्हता, पण सुरकुती निघाली.

सातवं कडवं. टोकाला टोक लाव गं बाई. कोण निजलं होतं, विचारू नाही.

आईने चादर धरून ठेवली.

टिकू वाट बघत राहिली. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. लांब्या भिंतीला टेकून छताकडे बघत होता. सर्जनचं बोट बटणावर होतं, मग त्याने तेही उचलून घेतलं. टिकूने मोजणं कधी सोडलं, तिचं तिला कळलं नाही. चादर मधे जराशी सैल पडली. निळा काठ जमिनीला टेकला.

मग आई आपली दोन टोकं घेऊन हळूहळू चालत आली आणि ती टिकूच्या हातात दिली. चारही टोकं टिकूच्या हातात आली.

“झालं,” आई कुजबुजली.

*

“ह्याच्यावर ड्रम कसे बसवणार आता?” लांब्याने विचारलं. आई तेव्हा पायरीवर बसून सर्जनने आणलेला चहा पीत होती.

“नाही बसवत.”

“सगळेच काढतेस?”

“सगळे.”

लांब्याने आपली गिटारही काढली; एक सूर ठेवला, तोही चौथ्या कडव्यापासून. सर्जनने आईच्या ओळी चादरीच्या हिशेबाने कापल्या, आणि फट् तसेच ठेवले, सहाच्या सहा. शेवटचा तुकडाही ठेवला, शटरसकट. गाणं दीड मिनिटाने लांबलं, तबकडीत मावेना, म्हणून त्यांनी हवामानाच्या बाईचं एक कडवं कमी केलं. शुक्रवारी अल्बम कारखान्यात गेला. वेष्टणावर प्रत्येक गाण्याखाली कुणी काय वाजवलं ते छापलेलं आहे. सहाव्या गाण्याखाली: आवाज, डावी. चादर, उजवी. टिकूचं नाव त्या गाण्याखाली नाही.

वेष्टणाचा कागद छापून आला तेव्हा आईने तो चष्म्याशिवाय, हात लांब करून वाचला.

“तिचं नीट आलंय,” ती म्हणाली.

आईने तो कागद चारदा दुमडला, सुरकुती पडली नाही ना बघितलं आणि कपाटात खाली, निळ्या काठाच्या चादरीखाली ठेवला.

धुलाईघरातल्या आपल्या अगदी पहिल्या दिवशी आई उजवीकडे उभी होती. ती फार घाईने ओढायची, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर मावशीने बाजू बदलून घेतली.